शंकर नाग यांनी आपली प्रतिभा गल्लाभरू चित्रपटांत वाया घालवली, हे खरे आहे का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'मालगुडी डेज' दिग्दर्शित करणारे शंकर नाग नेमके कोण होते, इतका गुणी नट असूनही त्यांनी मारधाडीच्या कन्नड चित्रपटांत आपली प्रतिभा वाया घालवली असे आपण वाचले ते खरे का, आणि त्यांचे काम पाहायचे तर सुरुवात कुठून करावी. यांतल्या मधल्या प्रश्नाचे उत्तर 1990 च्या दिवाळीपासून माझ्याकडे उधार राहिले आहे, म्हणून आधी तेच देतो. नाही, त्यांनी काहीही वाया घालवले नाही, आणि ज्यांनी हे पहिल्यांदा म्हटले त्यांनी त्यांचे एकही नाटक पाहिले नसावे असे मला ठामपणे वाटते.

ओळख थोडक्यात सांगतो, कारण जन्म-मृत्यूच्या तारखा आपल्याला कुठेही मिळतील. त्यांचे मूळ नाव शंकर नागरकट्टे, जन्म 9 नोव्हेंबर 1954 चा, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या होन्नावर भागातला. तो जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता आणि त्यांची घरची भाषा कोकणी होती. थोरले बंधू अनंत नाग 1974 च्या 'अंकुर'मुळे आपल्याकडे अधिक परिचित आहेत. शंकर शिक्षणानंतर मुंबईत आले, मराठी रंगभूमीच्या वर्तुळात वावरले आणि तिथेच नाटकाच्या निमित्ताने त्यांची व पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या अरुंधती यांची ओळख झाली. चापेकर बंधूंवरील '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा सहभाग होता, ही गोष्ट आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. 1978 मध्ये गिरीश कर्नाड यांनी 'ओंदानोंदु कालदल्लि' या चित्रपटात त्यांना मुख्य भूमिका दिली आणि त्या पहिल्याच भूमिकेसाठी 1979 च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी सुमारे नव्वद चित्रपटांत काम केले, काही स्वतः दिग्दर्शित केले, 'संकेत' ही नाट्यसंस्था चालवली, बंगळूरमध्ये ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ उभारला, दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' केली, आणि 30 सप्टेंबर 1990 रोजी पहाटे दावणगेरेजवळ आनगोड येथे मोटारीच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वय 35 वर्षे.

आता माझा या विषयाशी काय संबंध, ते सांगतो.

मी मूळचा सांगलीचा. सांगलीच्या माणसाला नाटकाचा अभिमान बाळगायला शिकवावे लागत नाही, आणि आमच्या हौशी संस्थेचे दिग्दर्शक तर तो अभिमान अंगरख्यासारखा घालून वावरत. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. त्यांनी मला उभे कसे राहावे, वाक्याच्या शेवटी श्वास कुठे सोडावा, हातांचे काय करावे, हे सारे शिकवले, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. 1982 साली राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांनी जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' बसवायला घेतले. नानांची भूमिका मला दिली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. म्हातारपण चालण्यात न आणता बसण्यात आणायचे, असे त्यांनी मला बजावले होते, म्हणून मी रोज संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कट्ट्यावरच्या वृद्धांकडे तासन्‌तास पाहत बसत असे. पहिल्या अंकाची माझी वाक्येच नव्हे, तर समोरच्या पात्राची वाक्येसुद्धा मला तोंडपाठ झाली होती.

त्याच सुमारास वडिलांचे मोठे आजारपण निघाले. ओळखीतल्या एकाने यात्रांमधून फिरणाऱ्या एका फार्समध्ये मला काम देऊ केले, प्रयोगाला 75 रुपये. मी सात प्रयोग केले आणि तालीम एकही चुकवली नाही. मात्र ही बातमी आमच्या दिग्दर्शकांच्या कानावर गेली तेव्हा स्पर्धेला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. तालमीच्या खोलीत सर्वांसमोर त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, ती दुसऱ्याला दिली आणि म्हणाले, "ज्याने एकदा बाजारात तोंड रंगवले, त्याने या पायरीवर परत पाय ठेवायचा नाही." मी काहीच बोललो नाही. खाली उतरलो, चपला घातल्या आणि घरी गेलो. पुढच्या वर्षी बंगळूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि नाटक सुटले.

बंगळूरमध्ये मी मल्लेश्वरम् भागात खोली घेऊन राहत होतो. पहिल्या दोन वर्षांत माझी कन्नड भाजी आणण्यापुरती आणि पाळीप्रमुखाशी बोलण्यापुरती होती. एके दिवशी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली, 'संध्याछाया', कन्नडमध्ये, 'संकेत'चा प्रयोग, दिग्दर्शक शंकर नाग. माझ्या हातून काढून घेतलेले नाटक परक्या गावात परक्या भाषेत माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते. मी तिकीट काढले आणि त्या संध्याकाळी ऑटोने निघालो.

बंगळूरच्या ऑटोरिक्षा आणि शंकर नाग यांचे नाते काय आहे, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. 1980 साली त्यांचा 'ऑटो राजा' प्रदर्शित झाला आणि त्या दिवसापासून तो माणूस रिक्षावाल्यांच्या घरचा झाला. आजही शहरातल्या कितीतरी रिक्षातळांना त्यांचे नाव आहे आणि कितीतरी रिक्षांच्या मागच्या पडद्यावर त्यांचे चित्र आहे. मी ज्या रिक्षात बसलो होतो तिच्या पुढच्या काचेवर डावीकडे चामुंडेश्वरी आणि उजवीकडे शंकर नाग होते, दोघांनाही एकाच माळेतली फुले वाटून घातली होती. चालक तुमकुरकडचा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. कुठे निघालात, असे त्याने विचारले, तेव्हा मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये नाटकाचे सांगितले. "नम्म शंकरण्णंदा, सार?" म्हणत त्याने मान पूर्ण मागे वळवली, इतकी की मला रस्त्याची काळजी वाटू लागली. आमच्या शंकरअण्णांचे का, साहेब? मी हो म्हणालो. नाट्यगृहापाशी उतरलो, पैसे दिले, आणि आत जाऊन पाहतो तर मागोमाग तोही तिकीट हातात घेऊन आलेला. खाकी सदऱ्याची वरची गुंडी लावत तो माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून बसू का, असे विचारत होता. आयुष्यात नाट्यगृहात पाऊल टाकण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या प्रयोगाविषयी मी समीक्षकासारखे लिहू शकणार नाही, कारण मी तो पाहण्यापेक्षा ऐकतच अधिक होतो. भाषा निम्मीअधिक कळत नव्हती, तरी पुढचे वाक्य काय असणार ते मला ठाऊक होते. रंगमंचावर कन्नड वाक्य सुरू होई आणि माझ्या ओठांवर आपोआप मराठी वाक्य येई. दोन्ही वाक्ये एकाच ठिकाणी श्वास घेत होती. दळवींच्या घरातले ते रिकामेपण, दारावरच्या प्रत्येक चाहुलीला त्या दोन म्हाताऱ्यांचे उठून बसणे, दूरदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणे, यांतले काहीही भडक केलेले नव्हते. टाळ्यांसाठी कुठेही जागा सोडलेली नव्हती. सकाळी चित्रपटात पाचजणांना लोळवणारा नट संध्याकाळी इतके हळू नाटक बसवतो आणि प्रेक्षक ते ऐकून घेतील असा भरवसा ठेवतो, हे मी त्या दिवशी पाहिले. शेजारी रिक्षावाला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ न टेकता, अडीच तास बसला होता.

बाहेर आल्यावर मला सोडायला तोच निघाला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फाइट इल्लवे इल्ला, सार." एकसुद्धा हाणामारी नाही. त्यात तक्रार नव्हती, नुसती नोंद होती. मल्लेश्वरमच्या अलीकडे सिग्नलला थांबल्यावर त्याने पुन्हा मान वळवली आणि विचारले, हे नाटक मूळचे तुमच्या भाषेतले आहे म्हणता, मग मराठीत तरी तो मुलगा परत येतो का?

नाही, मी म्हणालो. मराठीतही येत नाही.

त्यानंतर तो माणूस 'संकेत'च्या आणखी तीन प्रयोगांना माझ्यासोबत आला, आणि त्यातल्या एकाला बायकोलाही घेऊन आला. आता सांगा, ही माणसे 'ओंदानोंदु कालदल्लि' पाहून नाटकाला आली असती का? तेराव्या शतकातल्या भाडोत्री सैनिकांची ती कथा फार मोलाची आहे, तिला मिळालेला पुरस्कारही योग्यच होता, पण तुमकुरहून येऊन भाड्याची रिक्षा चालवणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला नाट्यगृहाच्या दारापर्यंत कोणी आणले असेल तर ते 'ऑटो राजा'ने, 'सीतारामु'ने आणि 'गीता'ने. ज्याला आपण गल्ला म्हणतो, त्याच गल्ल्यावर शंकर नाग यांनी बंगळूरमध्ये 'संकेत'चा ध्वनिमुद्रण स्टुडिओ उभारला, ज्या काळात कन्नड चित्रपटांना आवाजाच्या कामासाठी मद्रासची वाट धरावी लागे. त्या लोकप्रियतेमुळेच 1980 साली तुरुंगातून पळणाऱ्या तीन चोरांवरचा, शेवट गोड न करणारा 'मिंचिन ओट' त्यांना करता आला, आणि 1984 मध्ये पदपथावर झोपलेल्या माणसांना चिरडून जाणाऱ्या श्रीमंत तरुणावरचा 'अ‍ॅक्सिडेंट' करता आला, ज्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1987 मध्ये त्यांनी राजकुमार यांच्यासारख्या कन्नडमधल्या सर्वांत मोठ्या ताऱ्याला घेऊन 'ओंदु मुत्तिन कथे' केला आणि त्यात पाण्याखालच्या दृश्यांसाठी जिवाचे रान केले. हे सारे करणारा माणूस वाया गेला, असे म्हणायला जीभ कशी वळते, ते मला समजत नाही.

1990 च्या त्या रविवारी मी कारखान्याच्या सुट्टीमुळे खोलीवरच होतो. दसरा नुकताच झाला होता. आयुधपूजेला रिक्षांना बांधलेले केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा अजून सुकायच्या होत्या. सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर कोपऱ्यावरचा तळ रिक्षांनी भरलेला होता आणि एकही रिक्षा हलत नव्हती. तीच माझी ओळखीची रिक्षाही तिथे होती. तो मागच्या आसनावर बसला होता, चालकाच्या जागेवर नाही. मला पाहून म्हणाला, "शंकरण्णा होग्बिट्रु, सार." गेले. गाडीत अरुंधती आणि त्यांची लहान मुलगी होती, त्या दोघी वाचल्या, हे दुपारपर्यंत कळले. त्या दिवशी मी कित्येक प्रौढ पुरुषांना भर रस्त्यात रडताना पाहिले. कोणा राजकारण्यासाठी रडावे तसे ते रडणे नव्हते, घरातला कर्ता भाऊ गेल्यासारखे होते.

तीन आठवड्यांनी दिवाळीला मी सांगलीला आलो. जुन्या मंडळींनी फराळाला बोलावले होते आणि आमचे दिग्दर्शकही तिथे होते. आठ वर्षांनी समोरासमोर बसलो होतो. शंकर नाग यांचा विषय मीच काढला, कारण माझ्या मनात दुसरे काही नव्हतेच. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "कर्नाडांनी घडवलेला नट. पण पुढे बाजारात बसला आणि वाया गेला. दोन बऱ्या गोष्टींपलीकडे मागे राहिले काय?" सर्वांनी माना डोलावल्या. मला कळत होते की ते केवळ शंकर नाग यांच्याविषयी बोलत नव्हते. माझ्याकडे त्या वेळी पुरते शब्द होते, रिक्षावाला होता, कन्नड 'संध्याछाया' होते, आणि मी चहाचा कप खाली ठेवून 'हो, तसे म्हणता येईल' असे म्हणालो. त्या वाक्याची मला आजतागायत लाज वाटते.

म्हणून जे तेव्हा म्हणायला हवे होते ते इथे लिहितो. आमचे दिग्दर्शक दर 5 नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, एक गोष्ट न चुकता सांगत. होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचे खेळ सांगलीचे संस्थानिक श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले, आणि तसे काही मराठीत करावे असे त्यांनी विष्णुदास भावे यांना सांगितले. त्यातून 1843 साली 'सीता स्वयंवर' उभे राहिले. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज भरून येई. मग माझा त्यांना प्रश्न असा आहे की ती भागवत मंडळी कोणाची होती? गावोगाव हिंडून, राजापुढे आणि रयतेपुढे सारखेच नाचून, मिळेल त्या बिदागीवर पोट भरणारी ती माणसे बाजारातलीच होती. आपल्या रंगभूमीचा जन्म ज्यांच्यामुळे झाला, त्यांच्याच मुलुखातून दीडशे वर्षांनी एक माणूस आला, त्याने आपले नाटक आपल्या भाषेत नेले, त्याचा प्रयोग रिक्षावाल्याला दाखवला, आणि आपण त्याला बाटलेला ठरवले. डॉ. श्रीराम लागू यांनी किती सामान्य हिंदी चित्रपट केले, निळू फुले यांनी किती वेळा तोच तो पाटील आणि तोच तो सावकार केला, त्याचा हिशेब सांगलीत कोणी मांडत नाही, कारण ते आपले आहेत आणि रंगमंचावर त्यांनी काय केले ते आपण पाहिलेले आहे. शंकर नाग यांचे नाटक आपण पाहिले नाही, एवढाच काय तो फरक.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, आणि ती आधीच लिहायला हवी होती. त्या नव्वद चित्रपटांपैकी पुष्कळ चित्रपट खरोखरच सामान्य आहेत. कथा नाही, संवाद घाईत लिहिलेले, मारामाऱ्या ओढूनताणून घातलेल्या. लोकांनी त्यांना 'कराटे किंग' म्हटले, ते प्रेमापोटी, पण त्या नावाने आलेल्या कामांनी त्यांचा वेळ खाल्ला, हेही खरे आहे. ते थोडे कमी चित्रपट करते तर त्यांच्या हातून आणखी दोनतीन नाटके झाली असती, असे कोणी म्हणाले तर मी भांडणार नाही. आमच्या दिग्दर्शकांविषयीही इतके म्हणेन की त्यांनी आयुष्यभर पदराला खार लावून नाटक केले, एक पैसा कमावला नाही, आणि त्यांच्या कठोरपणात स्वार्थाचा लवलेश नव्हता. पण त्याग केला म्हणून दुसऱ्याच्या पोटापाण्याला पाप म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. आपण स्वतः नाटक करत असाल, आणि प्रश्नाच्या सुरावरून मला तशी शंका आली, तर मालिका, जाहिरात, यात्रेतला फार्स, जे मिळेल ते जरूर करा. तालीम चुकवू नका, एवढे पुरे आहे. कोणी आपली वही काढून घेतली तर माझ्यासारखे मुकाट्याने खाली उतरू नका, तिथेच उभे राहून कारण विचारा.

मागे काय राहिले, या प्रश्नाचे उत्तर बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये उभे आहे. शंकर नाग यांच्या पश्चात अरुंधती नाग यांनी, स्वतः त्या अपघातातून सावरून, वर्षानुवर्षे पैसा जमवून 2004 साली 'रंग शंकरा' हे नाट्यगृह उघडले. नाटकाशिवाय दुसरे काहीही तिथे होत नाही, तिकिटे सामान्य माणसाला परवडतील अशी ठेवलेली असतात, आणि अनेक भाषांतली नाटके होतात, मराठीसुद्धा. मी निवृत्त झाल्यापासून महिन्यातून दोनदा तरी जातो.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. 'मालगुडी डेज' आपण पाहिलीच आहे असे धरून चालतो. पाहिली नसेल तर आर. के. नारायण यांच्या कथा, आगुंबे गावातले चित्रीकरण, एल. वैद्यनाथन यांचे संगीत आणि स्वामीच्या भूमिकेतला मास्टर मंजुनाथ, यांसाठी ती पाहाच. त्यानंतर 'मिंचिन ओट' घ्या, मग 'अ‍ॅक्सिडेंट'. 'ओंदानोंदु कालदल्लि' सर्वांत शेवटी, म्हणजे पुरस्काराचे ओझे मनावर न ठेवता तो पाहता येईल. 'गीता'तले 'जोतेयलि जोते जोतेयलि' हे इळैयराजांचे गाणे ऐकल्यावर आपल्याला ओळखीचे वाटेल, कारण त्याच चालीवर पुढे 'चीनी कम'मधले 'जाने दो ना' आले. आणि बंगळूरला जाणे झाले तर 'रंग शंकरा'चे तिकीट काढून ठेवा व साडेसातच्या प्रयोगाला वेळेच्या बरेच आधी पोहोचा. घंटा झाली की दार बंद होते, मग बाहेर कोणीही उभे असो, ते उघडत नाहीत. रिक्षावाल्याला शंकर नाग यांच्या नाट्यगृहाला नेण्यास सांगा. पत्ता सांगावा लागणार नाही.